काचपाणी

ताईच्या घरी तो जेवायला गेला की ताई आधी खुर्चीवर जुना पेपर पसरायची आणि मग म्हणायची, "बस."

यात अपमान नव्हता, काळजी होती. फक्त ती खुर्चीची होती. बॅटरीचं ॲसिड कपड्यांच्या शिवणीत मुरून राहतं. पँट कितीही धुवा, ती जिथं टेकेल तिथं सावकाश भोक पडतं. ताईच्या नव्या सोफ्याला त्यानं असं भोक पाडलं होतं, तिचा संसार सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा. तेव्हापासून त्याला सोफा बंद. घरात इतर पाहुणे असले तरी पेपर पसरला जायचा. एकानं कारण विचारलं तेव्हा ताईचा नवरा, म्हणजे दाजी, म्हणाले होते, "तान्ह्या पोराखाली दुपटं घालतात ना, तसंच समजा."

पाहुणे हसले. तोही हसला. पेपरवर बसून हसलं की पेपर वाजतो, हे त्याला त्या दिवशी कळलं.

बस डेपोच्या गॅरेजात त्याचं नाव ॲसिड. हे नावही दाजींनीच ठेवलेलं. गॅरेजात एकदा नाव पडलं की शाळेतलं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरतं. दाजी तिथले हेडमेकॅनिक; सगळं गॅरेज त्यांना वस्ताद म्हणायचं. इंजिनाच्या झाकणावर पालथा हात ठेवून ते डोळे मिटायचे, आणि आजूबाजूची माणसं श्वास रोखून उभी राहायची. चुकीचा पाना पुढं केला तर तोच पाना बोटांच्या पेरांवर बसायचा. शिव्या ते क्वचित देत. गरज पडत नसे.

गॅरेजात एक उतरंड होती. वर इंजिनवाले, खाली गिअर-ब्रेकवाले, त्याखाली पत्रा ठोकणारे, मग टायरवाला, आणि सगळ्यांच्या तळाला, संडासाच्या मागच्या खोलीत, बॅटरीवाला. त्याचं काम एवढंच: बॅटऱ्या उतरवायच्या, चार्जिंगला लावायच्या, झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर भरायचं, परत चढवायच्या. वस्तादांनीच मेव्हण्याला तिथं चिकटवला होता. "बायकोचा भाऊ आहे, उपाशी तर मारता येत नाही," असं ते सगळ्यांसमोर म्हणायचे, आणि ते खरंच होतं.

तरुण असताना एकदा त्यानं धीर करून म्हटलं होतं, "दाजी, मला इंजिनाचं शिकवा ना."

"शिकवतो की," वस्ताद म्हणाले. त्याच्या हातात पाना दिला, बसखाली झोपवला, आणि बोटानं एक नट दाखवला. "हा खोल. जोर लाव. बघू दम आहे का."

तो ऑइलच्या टाकीचा तळाचा नट होता. गरम, काळं ऑइल त्याच्या तोंडावर, डोळ्यांत, कानांत गेलं. बाहेर आला तेव्हा सगळं गॅरेज गोल करून उभं होतं. वस्तादांनी त्याच्याकडे चिंधी फेकली. "झालं शिकून? जा आता. पाणी भर."

यानंतर त्यानं कधी काही मागितलं नाही. पाणी भरत राहिला, भोकं पडलेल्या पँटी घालत राहिला. त्याला दाजींचा राग येत होता का, असं त्याच्या बायकोला विचारलं तर ती म्हणायची, "राग यायला आधी माणसात मोजावं लागतं."

मग कंपनी आली.

ही कंपनी तेलाच्या धंद्यात गबर झालेली. जहाजं तिची, टाक्या तिच्या, अर्ध्या शहरातले पेट्रोलपंप तिचे. आता ती शहराच्या बसगाड्या चालवायला घेणार होती, आणि सगळ्या विजेवर. चौकाचौकात फलक लागले: निळं आकाश, हिरवं पान, आणि एक लहान मुलगी खोल श्वास घेतेय. वस्तादांनी डेपोच्या फाटकासमोरचा फलक बघून मान हलवली. "आधी धूर विकून झाला, आता हवा विकतायत. धंदा असावा तर असा."

लोक हसले. वस्ताद अजून वस्ताद होते तोवरची ही शेवटची हसणारी माणसं.

कंपनीकडून आलेल्या मॅडम पस्तिशीच्या आत होत्या, बोलायला अतिशय नम्र, आणि कुणाचंही बोलणं पूर्ण ऐकून घेऊन मग नाही म्हणायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी गॅरेजात येऊन विचारलं, "इथं बॅटरीचं कोण बघतं?"

टायरवाला जिभेचा मोठा तिखट. त्यानं गंमत म्हणून ओरडून सांगितलं, "आमचे ॲसिडसाहेब. मागे राहतात, संडासापलीकडे."

गॅरेज खो खो हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्या खरोखर मागे गेल्या, नाकाला रुमाल न लावता बॅटरी रूममध्ये उभ्या राहिल्या, आणि त्याला म्हणाल्या, "तुमचा बॅटरीचा अनुभव आम्हाला हवाय." त्यांना वरून सांगितलेलं होतं की जुन्या माणसांपैकी एखादा तरी नव्या कामात दिसला पाहिजे. तो कुठला, याची वरच्यांना फिकीर नव्हती. पण हे त्याला फार नंतर कळलं. त्या क्षणी त्याला एवढंच कळलं की एका माणसानं त्याला "तुम्ही" म्हटलं आणि ते म्हणताना हसलं नाही.

त्याला दुसऱ्या गावी ट्रेनिंगला पाठवलं. तिथं पहिल्याच दिवशी त्याच्या लक्षात आलं की आपल्याला बॅटरीतलं जे येतं त्याचा इथं काडीचाही उपयोग नाही. नव्या बॅटऱ्या म्हणजे बसच्या पोटाखाली बसवलेल्या बंद पेट्या. त्यांना झाकण नाही, त्यांत पाणी नाही, आणि जो त्या उघडेल तो त्याच दिवशी घरी जाईल असं भिंतीवरच लिहिलेलं. काम काय, तर पडद्यावर बघायचं. लाल दिसलं की कंपनीला फोन करायचा. त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. परत आला तो पांढरा शर्ट, सबंध पँट आणि गळ्यात ओळखपत्र घालून, यार्डाचा सुपरवायझर म्हणून. नव्या बसच्या अंगावर त्याचा हाताची घडी घातलेला मोठा फोटो लागला. खाली ओळ होती: "काल मागच्या खोलीत, आज उद्याच्या प्रवासात."

"उद्याच्या प्रवासात," टायरवाला मोठ्यानं वाचत म्हणाला. "आणि आपण कालच्या भंगारात."

तो मात्र खरं बोलला. महिन्याभरात जुन्या माणसांना एकेक करून बोलावणं आलं. ज्यांची नावं पटावरून गेली त्यांना डेपोमागच्या क्वार्टर्सही सोडायच्या होत्या. तिथं चाळ पाडून चार्जिंगची जागा होणार होती. पटावर असलेल्यांना दुसरीकडे खोली मिळेल, बाकीच्यांनी आपलं बघायचं. वस्ताद आणि ताई त्याच चाळीत राहायचे, वर कोपऱ्यात. वस्तादांचं बोलावणं अजून आलं नव्हतं, पण ते येणार हे चाळीतल्या मांजरालाही ठाऊक होतं.

ताईनं त्याला जेवायला बोलावलं.

या वेळी खुर्ची पुढं आली नाही. "इथं बस, सोफ्यावर," ताई म्हणाली. सोफ्याला नवं कव्हर होतं. तो बसला आणि बोलता बोलता त्याचं बोट कव्हरवरून फिरत राहिलं. एका ठिकाणी कापड किंचित आत गेलं. भोक होतं तिथंच होतं.

वस्ताद टीव्हीकडे बघत होते. मेव्हण्याला आता काय म्हणून हाक मारावी हे त्यांना ठरवता येत नव्हतं, म्हणून ते हाक न मारता बोलायचे. "पाणी दे," ते बायकोला म्हणाले, "पाहुण्यांना."

ताईनं वाढता वाढता विषय काढला. "यांचं तिकडे काही होईल का रे?"

"बघतो," तो म्हणाला.

"बघतो नको. तू सांगितलंस तर होईल. एवढा मोठा फोटो लागलाय तुझा." ती वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिली. "माझं काय, मी कुठंही राहीन. पण हा माणूस घरी बसला तर चार दिवसांत भिंती खाईल आणि पाचव्या दिवशी मला. आणि बसायला घर तरी कुठंय?"

वस्ताद म्हणाले, "जेवू दे त्याला." आवाज टीव्हीकडेच होता. मग थोड्या वेळानं, तसाच टीव्हीकडे, "मी काहीही करीन. झाडायला सांगितलं तरी."

त्यानं हे वाक्य ऐकलं आणि भात संपवला. त्या रात्री बायकोला म्हणाला, "दाजी म्हणाले, झाडायला सांगितलं तरी."

"मग?" बायको म्हणाली. तिनं दिवा मालवला होता, पण त्याचं तोंड तिला दिसत असावं, कारण ती पुढं म्हणाली, "हसतोस काय?"

दुसऱ्या दिवशी तो मॅडमकडे गेला तो खरोखर दाजींसाठी शब्द टाकायला. पण त्यानं तोंड उघडण्याआधीच मॅडम म्हणाल्या, "बरं झालं आलात. एक स्पष्ट सांगून ठेवते, तुमच्याकडे लोक येतील. विजेच्या बसच्या नव्या शेडमध्ये जुन्या मेकॅनिकांपैकी कुणालाही घ्यायचं नाही, असं वरून ठरलंय. एकालाही नाही. त्यांना उगाच आशा लावू नका, ते बरं नसतं." मग त्यांनी कागद पुढं ओढला. "आता दुसरं. जुनी इंजिनं."

जुनी इंजिनं मारायची होती. नुसती भंगारात देऊन चालणार नव्हतं. ती पुन्हा कुठं वापरली गेली तर धूर तो धूरच, म्हणून प्रत्येक इंजिन कायमचं निकामी केल्याचा पुरावा दिला तरच सरकार कंपनीला नव्या बससाठी मदत देणार होतं. त्याची रीत ठरलेली. ऑइल काढून टाकायचं, त्याच्या जागी काचपाणी ओतायचं. दिसायला पाकासारखं, स्वच्छ, दाट. इंजिन चालू करून वेग वाढवायचा. आतल्या उष्णतेनं ते पाणी आटतं, त्याची काच होते, आणि इंजिन आतल्या आत जखडून मरतं. ओतण्यापासून मरेपर्यंत सलग व्हिडिओ काढायचा. मध्ये तुटला तर धरत नाहीत.

"इंजिनांचा माहीतगार कुणी मिळेल का यासाठी?" मॅडम म्हणाल्या. "रोजावर. तेवढ्या कामापुरता."

"आहे एक," तो म्हणाला.

तो गॅरेजात गेला. बस वर उभी करून खालून दुरुस्त करायचा खड्डा रिकामा होता, आणि वस्ताद त्याच्या काठावर पाय सोडून बसले होते. तो म्हणाला, "दाजी, एक काम आहे. हे नीट पार पाडलंत तर नव्या शेडमध्ये तुमची जागा आहे."

हे शब्द तोंडातून कसे निघाले ते आपल्याला कळलंच नाही, असं त्यानं बायकोला सांगितलं. त्याला व्यवस्थित कळलं होतं. वाटेतल्या नळाशी तो थांबला होता आणि वाक्य एकदा मनात म्हणून बघितलं होतं.

"आणि काम संपलं की काय सांगणारेस?" बायकोनं विचारलं.

"संपू तर दे."

"तुझी सख्खी बहीण आहे ती."

"तीच पेपर पसरायची," तो म्हणाला.

मागच्या यार्डात बसगाड्या रांगेनं उभ्या केलेल्या. कित्येकांच्या बॅटऱ्या उतरलेल्या, म्हणून त्या चालू करायला त्यानं स्वतःच्या जुन्या खोलीतली भरलेली बॅटरी ढकलगाडीवर आणली. वस्तादांनी ऑइलचा नट खोलला. काळं ऑइल घमेल्यात पडत होतं तेव्हा दोघांपैकी कुणीही एकमेकांकडे बघितलं नाही. मग काचपाणी ओतलं. त्यानं मोबाइल धरला. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं, कारण ते वस्तादांच्या हातचं होतं.

सुरुवातीला काहीच झालं नाही. मग आवाज जाड झाला. धाप लागलेल्या माणसानं बोलायचा प्रयत्न करावा तसा. कुठंतरी धातूवर धातू ओरडला, आणि वस्तादांचा हात आत गेला व त्यांनी इंजिन बंद केलं.

त्यांनाच कळलं नाही. उभ्या आयुष्यात इंजिन असं ओरडलं की आधी बंद करायचं, मग विचार करायचा, हेच त्या हाताला माहीत. ते हाताकडे बघत राहिले.

"दाजी," तो मोबाइल खाली करत म्हणाला, "व्हिडिओ फुकट गेला. परत करावं लागेल."

"अर्धं मेलंय ते."

"मग उरलेलं अर्धं."

परत चालू केलं. ते चालू झालं, हीच वाईट गोष्ट होती. या वेळी त्यानं सांगितलं, "हात मागं बांधून उभे राहा. चुकून परत जाईल." बघायला काही माणसं जमली होती, आपापल्या पेट्या न्यायला आलेली, पटावरून गेलेली. त्यांच्यात वस्तादांनी हाताखाली घडवलेली निम्मी. वस्ताद वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखे हात मागं घेऊन उभे राहिले, आणि समोर ते इंजिन बराच वेळ मेलं.

टायरवाला पेटी खांद्यावर टाकून जाता जाता थांबला. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ," तो म्हणाला. ते वस्तादांना म्हणाला की मेव्हण्याला, हे त्यानं स्पष्ट केलं नाही.

त्या दिवसापासून वस्तादांना गॅरेजात कुणी वस्ताद म्हटलं नाही. मागून "कसाई" ऐकू यायचं. चाळीत नळावर बायका ताईला वाट द्यायच्या, पण बोलणं थांबवून. ताई मात्र खूश होती. "बोलतात जळून," ती भावाला म्हणाली. "यांची सोय झाली ना, म्हणून."

आणि सोय होतेय म्हणूनच की काय, वस्तादांनी ते कामही जीव ओतून केलं. हळूहळू त्यांना त्यातली खुबी सापडली. रेडिएटरमधलं पाणी आधीच काढून टाकलं, इंजिन थोडं तापू दिलं आणि मग काचपाणी ओतलं, तर ते झटकन जातं. ओरडत नाही फारसं. भंगार उचलणाऱ्या ठेकेदाराचा माणूस हे बघून म्हणाला, "काका, तुमच्यासारखा हात नाही बघितला." वस्तादांचा चेहरा उजळला. संध्याकाळी ते मेव्हण्याच्या केबिनच्या दाराशी आले आणि कुणालाच उद्देशून नसल्यासारखे म्हणाले, "आज सगळी एका दमात गेली. एकही रखडलं नाही."

"छान," तो म्हणाला.

"म्हटलं, तोवर नव्याचं पण थोडं शिकून घ्यावं. रिकामा हात बरा नाही. शिकवलं तर..."

तो खुर्चीत मागं रेलला. दाजींना सुनवायच्या ज्या वाक्याचा त्यानं इतकी वर्षं एकट्यानं सराव केला होता, त्याची आता गरजच उरली नव्हती; त्यांचंच जुनं वाक्य पुरेसं होतं. "शिकवतो की," तो म्हणाला.

रोज संध्याकाळी तो त्यांना जुन्या बॅटरी रूममध्ये नेऊ लागला. "बॅटरी मुळापासून शिकावी लागते, दाजी." आणि वस्ताद, डोळ्यांवर चष्मा चढवून, एकेक झाकण उघडून डिस्टिल्ड वॉटर भरायला शिकले. खुणेपर्यंत, वर नाही, खाली नाही. बॅटरी उचलताना पोटाशी धरायची नाही, हे त्यानं सांगितलं नाही. नव्या बॅटऱ्यांना झाकणच नसतं, हेही नाही. आठवड्याभरात वस्तादांच्या पँटीला मांडीवर भोकं दिसू लागली.

ताई ती शिवता शिवता हसली. "आता घरात दोन ॲसिड झाले."

"शिकायचं तर भोकं पडणारच," वस्ताद म्हणाले. त्यांनी नव्या शेडसाठी रबरी तळाचे बूट घेऊन ठेवले होते, कुणीतरी सांगितलं होतं की तिथं तसेच लागतात. ते खोक्यासकट कॉटखाली होते. ॲसिडला ताईनं ते काढून दाखवले. त्यानं ते हातात घेतले, तळवा दाबून बघितला, आणि म्हणाला, "चांगले आहेत."

इंजिनं संपली. शेवटचं इंजिन गेलं तेव्हा वस्तादांनी आपणहून हात मागं बांधले होते. आता सांगावं लागत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते दाढी करून, नवे बूट घालून केबिनच्या दारात उभे राहिले.

खरं सांगायची त्याला ही शेवटची संधी होती. ते त्याला समजलंही. पण त्याच आठवड्यात मागून आलेल्या एका नव्या बसनं एका झाडूवाल्याचा पाय मोडला होता. विजेच्या बसला आवाज नसतो. मागून आली तरी कळत नाही. आवाज करणारे डबे मागवलेत, ते येऊन बसेपर्यंत प्रत्येक बसच्या पुढं एक माणूस शिट्टी वाजवत चालला पाहिजे, असा वरून हुकूम होता. मॅडमनी माणूस बघायला सांगितला होता.

"शेडमधली जागा निघेपर्यंत," तो म्हणाला आणि टेबलावरून शिट्टी सरकवली. "तात्पुरतं. क्वार्टरही राहील तोवर."

वस्तादांनी शिट्टी उचलली. उलटसुलट केली. "शेडचं नक्की ना?"

"नक्की."

मग तो माणूस, जो इंजिनावर हात ठेवून आत काय बिनसलंय ते सांगायचा, मुक्या गाड्यांच्या पुढं चालत शिट्टी फुंकू लागला. फाटकापासून चार्जरपर्यंत, चार्जरपासून फाटकापर्यंत. बसच्या अंगावर मेव्हण्याचा फोटो असायचा, हाताची घडी घातलेला, आणि त्याच्या पुढं वस्ताद, गाल फुगवून. नवे ड्रायव्हर त्यांना ओळखत नव्हते. त्यांच्यातला एक गमतीनं अगदी मागं टेकेपर्यंत बस आणायचा आणि वस्ताद दचकून बाजूला झाले की काच खाली करून म्हणायचा, "काका, फुंका की. झोपलात काय?" ॲसिड हे केबिनच्या काचेतून बघायचा. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा त्यात कमी मजा होती. तरी तो बघायचा.

डबे आले. ते बसवायचं काम त्याच्याकडेच आलं. चार तारा जोडणं तेवढं त्याला खरोखर येत होतं. एकेका बसला तो आवाज देत गेला, एक सौम्य, गुणगुणल्यासारखा आवाज, आणि शिट्टीवाल्याच्या मागची एकेक बस कमी होत गेली. वस्ताद त्याला विजेरी धरायला यायचे. या डब्यांनी आपलीच शिट्टी जाणार हे त्यांना माहीत होतं, पण पुढं शेडमधली जागा आहे, असं ते धरून होते.

शेवटचा डबा बसला त्या दिवशी मॅडम स्वतः यार्डात आल्या. चांगल्या मनाची बाई. कामावरून काढायचं तेव्हा माणसाशी स्वतः बोलायचं, असा त्यांचा नियम होता. "काका, तुमचे आभार," त्या वस्तादांना म्हणाल्या. "उद्यापासून यायची गरज नाही. क्वार्टरचं मात्र महिनाअखेरपर्यंत बघावं लागेल."

"मी शेडमध्ये जाणारे," वस्ताद म्हणाले. "यांनी सांगितलंय."

मॅडमनी ॲसिडकडे बघितलं, मग परत वस्तादांकडे, आणि त्यांना वाटलं की या म्हाताऱ्याचा काहीतरी घोटाळा झालाय. म्हणून त्या आणखी मऊ आवाजात म्हणाल्या, "नाही हो. शेडमध्ये जुन्यांपैकी कुणालाच घ्यायचं नाही, हे मी यांना इंजिनांचं काम दिलं त्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते काम सांगायच्याही आधी. तरी यांनी तुमच्यासाठी धडपड करून ही शिट्टी मिळवली. असा मेव्हणा मिळायला नशीब लागतं."

यार्डात एक बस गुणगुणत मागे आली आणि थांबली.

"पहिल्या दिवशी," वस्ताद म्हणाले. विचारलं नाही, नुसतं उच्चारून बघितलं. त्यांनी गळ्यातून शिट्टी काढली, पँटीला पुसली, भोकाच्या बाजूला, आणि मेव्हण्याच्या हातावर ठेवली. मग खूप दिवसांनी त्यांनी त्याला हाक मारली.

"ॲसिड," ते म्हणाले, "पाणी छान भरायला शिकवलंस हां."

आणि गेले. त्यांचे रबरी बूट वाजले नाहीत.

तो महिनाअखेरीला चाळीत गेला. जायलाच हवं होतं असं नाही. पण नाही गेलो तर आपण घाबरलो असं होईल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. दार उघडंच होतं. सोफा गेला होता, खाली टेम्पोत दिसला होता, कव्हर काढलेला. ताई फरशीवर बसून भांडी जुन्या पेपरात गुंडाळत होती. आतल्या खोलीत टीव्ही अजून चालू होता, मोठ्यानं, आणि त्यासमोर कुणीतरी बसलेलं होतं, त्याची फक्त पाठ दिसत होती.

"ताई," तो म्हणाला.

तिनं हातातली वाटी खाली ठेवली. त्याच्याकडे बघितलं नाही. ढिगातला एक पेपर घेतला. तो चुरगळला होता, म्हणून मांडीवर ठेवून तळहातानं नीट सपाट केला, कडा जुळवल्या. उठून घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर तो पसरला.

"बस," ती म्हणाली.

त्यानं नकळत खाली, आपल्या पँटीकडे बघितलं. भोक कुठंच नव्हतं.

तो बसला, पेपर वाजू नये म्हणून अगदी सावकाश. ताई परत भांड्यांकडे वळली.